आतला मार्क, बाहेरचा मार्क आणि मी

आधीच सांगून ठेवते. 'सेव्हरन्स'चे दोन्ही सीझन ज्यांनी पाहिलेले नाहीत आणि पाहायचा विचार आहे, त्यांनी इथूनच परत फिरावं. पुढे मी सगळी गोष्ट फोडणार आहे, अगदी शेवटासकट. नंतर शिव्या द्यायच्या नाहीत.

तर... दुसऱ्या सीझनचा शेवटचा भाग, 'कोल्ड हार्बर', आपल्याकडे आला २१ मार्च २०२५ ला. शुक्रवार होता. सकाळीच बघून टाकायचा जाम मोह झाला होता, पण भाग ७६ मिनिटांचा आणि साडेनऊला स्टँडअप! मग दिवसभर कुठलंही पान उघडायचं नाही, कुणाचे मेसेज वाचायचे नाहीत, कँटीनमध्ये टेस्टिंगवाल्या टेबलाजवळ फिरकायचंसुद्धा नाही (तिथे दोघेजण सकाळी सहापासून जागे असणार याची खात्री होती), असा कसाबसा तो दिवस काढला. रात्री मी आणि रूममेट मॅगीचे दोन वाडगे घेऊन लॅपटॉपसमोर बसलो. संपल्यावर ती म्हणाली, "कसलं भारी!" आणि मी म्हणाले, "कसलं फालतू!" अर्ध्या तासाने ती म्हणत होती की तिला फसवल्यासारखं वाटतंय, आणि मी शेवटाची बाजू घेऊन भांडत होते.

त्यानंतर मी तो भाग अजून तीनदा पाहिला. तरी मत काही एक होत नाही. आज शनिवार आहे, बाहेर कुठे जायचं नाहीये, तेव्हा एकदाचं लिहून मोकळी होते.

ज्यांनी पाहिलेलं नाही आणि पाहणारही नाहीत, तरी इथवर आलेच आहेत, त्यांच्यासाठी थोडक्यात. ल्युमन नावाची एक कंपनी आहे. तिथल्या एका मजल्यावर काम करायचं असेल तर मेंदूत एक चिप बसवून घ्यावी लागते. मग लिफ्टमधून खाली गेलं की बाहेरचं सगळं विसरायला होतं, आणि संध्याकाळी वर आलं की आतलं सगळं. एकाच शरीरात दोन माणसं. बाहेरच्याला फुकट पगार मिळतो, काम केल्याचं आठवतच नाही. आतल्याला मात्र फक्त ऑफिस. त्याला झोप नाही, रविवार नाही, घर नाही. लिफ्टचं दार बंद होतं आणि लगेच उघडतं, की पुढचा दिवस सुरू! मालिकेत त्यांना 'इनी' आणि 'आउटी' म्हणतात. मी सोयीसाठी आतला आणि बाहेरचा म्हणते.

पहिला सीझन आला २०२२ च्या फेब्रुवारीत. डॅन एरिक्सनची कल्पना, आणि बरेचसे भाग बेन स्टिलरने दिग्दर्शित केलेले. हो, तोच विनोदी सिनेमांमधला बेन स्टिलर. माझी तेव्हा दुसरी नोकरी चालू होती. आम्ही पाच जण जेवणाच्या सुट्टीत या मालिकेवर इतके बोलायचो की मॅनेजरला वाटलं आम्ही कामाचंच बोलतोय. साहजिकच आहे. चार माणसं स्क्रीनसमोर बसून आकडे निवडतायत, आकडे कशाचे आहेत ते एकालाही माहीत नाही, टार्गेट पूर्ण झालं की खाण्यापिण्याची छोटीशी पार्टी... आमच्यापैकी कुणाला हे विज्ञानकथा आहे असं वाटलंच नाही! ती आरशांची भव्य इमारतसुद्धा खरी आहे. न्यू जर्सीत होल्मडेलला बेल लॅब्सची जुनी इमारत, ईरो सारिनेनने आखलेली, १९६२ साली उघडलेली. आता तिथे दुकानं आणि भाड्याची ऑफिसं आहेत.

पहिला सीझन ज्या ठिकाणी थांबला ते आठवून अजून अंगावर काटा येतो. आतल्या मार्कला काही मिनिटांसाठी बाहेरच्या जगात जाग येते, आणि त्याला कळतं की बाहेरच्या मार्कची मेलेली बायको जेम्मा ही आपल्याच मजल्यावरची मिस केसी आहे. तो बहिणीला ओरडून सांगतो की ती जिवंत आहे, आणि कट! एप्रिल २०२२. पुढचा भाग जानेवारी २०२५ मध्ये. मध्ये २०२३ चा हॉलिवूडच्या लेखकांचा आणि नटांचा संप झाला, चित्रीकरण रखडलं.

त्या पावणेतीन वर्षांत माझ्याकडेही बरंच काही झालं. २०२३ च्या ऑगस्टमध्ये बाबा गेले.

असो. त्याच्याकडे येते नंतर. आधी आवडलेलं सांगते.

फिनालेतला सगळ्यात भारी प्रसंग म्हणजे सुरुवातीचा व्हिडिओ कॅमेऱ्याचा. दोन्ही मार्कना आयुष्यात पहिल्यांदा एकमेकांशी बोलायचंय, पण ते एकाच वेळी जागे असू शकत नाहीत. मग काय, त्या केबिनमध्ये आत आला की आतला, बाल्कनीत गेला की बाहेरचा. एकाने रेकॉर्ड करायचं, दुसऱ्याने बघायचं आणि उत्तर रेकॉर्ड करायचं. एकच नट, अ‍ॅडम स्कॉट, पण समोरासमोर दोन माणसं भांडतायत यावर आपला पूर्ण विश्वास बसतो. बाहेरचा सुरुवातीला अगदी गोड बोलतो. माफी मागतो, आपण दोघं एक होऊ म्हणतो, दोघांच्या आठवणी एकत्र करायची सोय आहे म्हणतो. आणि मग तो हेलीचं नाव 'हेलेनी' असं घेतो. संपलं! आतल्याचा चेहराच बदलतो. ज्या मुलीवर त्याचं आयुष्यातलं पहिलं आणि एकमेव प्रेम आहे, तिचं नावसुद्धा या माणसाने नीट विचारलेलं नाही.

तिथून आतला मार्क जो मुद्दा काढतो तो कुठल्याही प्रोग्रॅमरला लगेच कळेल. तू चाळिसेक वर्षं जगलायस, मी दोन. आपल्याला एकत्र केलं तर माझं काय उरणार? आपल्या भाषेत सांगायचं तर, मेन ब्रँचवर चाळीस वर्षांचे कमिट आहेत, माझ्या ब्रँचवर दोन वर्षांचे, आणि कॉन्फ्लिक्ट आला की कुणाचा कोड ठेवायचा हे तूच ठरवणार. अशा मर्जला मी 'हो' का म्हणावं? बिनतोड प्रश्न आहे. बाहेरच्याकडे उत्तर नाहीच.

दुसरं म्हणजे मिल्चिक. ट्रॅमेल टिलमन या नटाने हा मॅनेजर असा काही उभा केलाय की बोलायची सोय नाही. फाइल पूर्ण झाल्याबद्दल मार्कच्या सत्काराला अख्खा मार्चिंग बँड येतो आणि साहेब स्वतः पुढे नाचतात. आधी त्या संस्थापकाच्या पुतळ्याकडून सगळ्यांसमोर टोमणे खाऊन झालेले असतात. आपल्यालाच अपमान गिळावा लागलेल्या सत्कारात पुढे होऊन नाचणारा मॅनेजर ज्याने पाहिलाय, त्याला हे हसू आणि ही कीव दोन्ही ओळखीचं वाटेल. टिलमनला त्या वर्षी एमी मिळालं, हेलीचं काम करणाऱ्या ब्रिट लोअरलाही मिळालं. दोघांचंही शंभर टक्के वसूल.

आता तक्रारी. पुष्कळ आहेत.

एक, ल्युमनची सिक्युरिटी. जगातलं सगळ्यात गुप्त काम चाललंय, आणि मजल्यावर एक मॅनेजर, तोही बाथरूममध्ये कोंडलेला! वरून मदतीला यायला हवी ती माणसं कुठे आहेत? ज्या खोलीसाठी एवढा अट्टहास, तिचं दार रक्ताने माखलेल्या टायने उघडतं? आमच्याकडे साध्या सर्व्हर रूमला याच्यापेक्षा जास्त कुलपं आहेत.

दोन, बकऱ्या. पहिल्या सीझनपासून आपण डोकं खाजवतोय की ऑफिसात बकऱ्या कशाला. उत्तर मिळतं ते असं की जेम्मा मेल्यावर तिच्या आत्म्याला वाट दाखवायला एक कोकरू तिच्याबरोबर बळी द्यायचं. बरं. पण एक खोलीभर कळप? तीन वर्षं थांबून एवढंच?

तीन, सीझनच्या सुरुवातीला मार्कच्या डोक्यात दोन्ही आठवणी जोडायचं काम सुरू होतं. त्याला फेफरं येतं, नाकातून रक्त येतं. आणि मग ते सगळं सोडूनच दिल्यासारखं होतं. अर्धवट कोड लिहून कॉमेंट करून ठेवावा तसं.

चार, अर्व्हिंग. माझा सगळ्यात लाडका माणूस. त्याला आदल्या भागात ट्रेनमध्ये बसवून दिला तो दिलाच.

पण हे सगळं मी माफ केलं असतं. विज्ञानकथेच्या चाहत्यांना भोकं दिसतातच, आणि आपल्याला ती दाखवायला आवडतातही. खरी गोची वेगळ्याच दोन ठिकाणी झाली.

पहिली म्हणजे ती पाळण्याची खोली.

जेम्माला ल्युमनने खालच्या मजल्यावर कोंडून ठेवलंय. तिथे कितीतरी खोल्या. प्रत्येक खोलीत पाऊल टाकलं की तिचं एक नवीन 'आतलं' माणूस जागं होतं. एका खोलीत कायम दाताचा डॉक्टर, एकीत कायम हेलकावे खाणारं विमान. आणि मार्क वर बसून जे आकडे निवडत होता ते म्हणजे तिचीच मनं तयार करणं होतं. शेवटची खोली कोल्ड हार्बर. मार्क-जेम्माला मूल हवं होतं, झालं नाही. त्या बाळासाठी आणलेला पाळणा त्या खोलीत ठेवलाय. नव्या कोऱ्या जेम्माला सांगतात, हा सुटा कर. आणि ती स्क्रू काढायला लागते. शांतपणे. चेहऱ्यावर काही नाही. आणि पलीकडे स्क्रीनवर बघणारे खूष, की हिला काहीच वाटत नाहीये, म्हणजे आपलं यंत्र चाललं.

मी तिथे भाग थांबवला. रूममेट म्हणाली, काय झालं? मी म्हणाले, पाणी आणते.

बाबा आजारी होते तेव्हा त्यांना जिना चढवत नव्हता, म्हणून साताऱ्याच्या घरी माळ्यावरची जुनी लोखंडी कॉट खाली आणून पुढच्या खोलीत मांडली होती. अडीच महिने ते त्या कॉटवर होते. तेरावं झालं आणि चौदाव्या दिवशी ती कॉट परत माळ्यावर टाकायचं ठरलं. नट गंजलेले. बाबांच्याच डब्यातून बारा-तेराचा पाना काढला आणि मी सोडवायला बसले. कानात हेडसेट होता. रिलीज जवळ आली होती, क्लायंटचा कॉल चालू होता, मी म्यूटवर. एक एक नट सोडवून बाबांच्या सवयीप्रमाणे प्लॅस्टिकच्या पिशवीत भरत होते. मध्ये माझं नाव आलं. मी म्यूट काढून सांगितलं, हो, माझ्या बाजूचं झालंय, संध्याकाळपर्यंत बिल्ड देते. परत म्यूट. पुढचा नट.

मला काहीही वाटलं नव्हतं. खरंच. उलट बरं वाटलं होतं, की बघा, जमतंय आपल्याला. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती, ते दिसत होतं. पण मी कॉलवर होते ना.

ल्युमनवाले माझ्यावर जाम खूष झाले असते. चिपसुद्धा लागली नाही.

नंतरची दीड वर्षंही तशीच गेली. मार्कने चिप का बसवली? बायको गेल्यावर निदान दिवसाचे आठ तास तरी ते आठवायला नको म्हणून. पहिला सीझन बघताना मला ही फक्त एक भारी आयडिया वाटली होती. दुसऱ्या सीझनपर्यंत मी तो प्लॅन स्वतः वापरत होते. ऑफिसात कुणाला फारसं माहीत नव्हतं, मी होऊ दिलं नाही. तिथे मी हसायचे, प्रॉडक्शन इश्यूला रात्री दोनला उठायचे, अप्रेझलला कौतुक झालं. ती ऑफिसातली मी चांगली होती हो! खोटी नव्हती. तिला फक्त बाबा नव्हते, आणि कधी नव्हतेच. आई दुपारी फोन करायची, तो मी कट करायचे. 'मीटिंगमध्ये आहे' हा मेसेज फोनमध्ये तयारच असतो, तो जायचा. नेहमी मीटिंग असायचीच असं नाही.

आणि म्हणून दुसरी गोची. शेवटचं दार.

मार्क जेम्माला त्या खोलीतून सोडवतो. लिफ्टमध्ये दोघं एकमेकांना मिठी मारतात, वर येतात, आणि वर येताच ती मिस केसी होते आणि तो आतला मार्क. दोघं एकमेकांना परके. तरी आतला मार्क दिलेला शब्द पाळतो. धावत तिला जिन्याच्या दारापर्यंत नेतो, बाहेर ढकलतो. बाहेर पडल्याबरोबर ती जेम्मा. दार उघडायचा प्रयत्न करते, काचेतून त्याला हाका मारते, रडते, ये म्हणते. तो फक्त एक पाऊल टाकायचा बाकी आहे. एक पाऊल! पण ते टाकलं की हा मार्क संपला, कदाचित कायमचा. मागे कॉरिडॉरमध्ये हेली येऊन उभी राहते. तो दोघींकडे बघतो. आणि वळतो. हेलीचा हात धरून तो आत, त्या पांढऱ्या बोळांमध्ये पळत सुटतो. जुनं गाणं वाजतंय, दिवे लाल, आणि चित्र थिजतं.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी मार्कवर भयंकर चिडले. अरे, ती बाई दोन वर्षं तळघरात कोंडलेली होती! तू तिचीच मनं कापत बसला होतास, नकळत का होईना. आणि आता तिला तशीच ओरडत सोडून जातोस? वर आपल्याला ते प्रेमकथेसारखं दाखवतायत? शिवाय पूर्ण दोन सीझन जेम्माचा उपयोग काय, तर मार्कला दुःख व्हावं म्हणून आधी मरायचं आणि मार्कला पराक्रम करता यावा म्हणून मग सापडायचं. एक सातवा भाग तेवढा तिच्या बाजूने सांगितलाय, आणि तो अप्रतिम आहे. म्हणूनच शेवट जास्त लागला.

दुसऱ्यांदा पाहिलं तेव्हा आतल्या मार्कची बाजू दिसायला लागली. त्याने का मरावं? ज्याने त्याला राबायला जन्माला घातलं, त्याच्या बायकोसाठी? त्याचं त्या बाईशी काही नातं नाही. त्याच्यासाठी बाहेर काहीच नाहीये, जे आहे ते त्या बोळांमध्येच आहे. डिलनचं, हेलीचं, सगळ्यांचं तेच. त्यांना अर्धं आयुष्य मिळालंय आणि ते त्यांचं आहे. तर्काने बघितलं तर शेवट बरोबर आहे. मालिकेने दोन सीझन जे सांगितलं त्याच्याशी इमान राखणारा एवढा एकच शेवट होता.

आणि तरी मला तो पटत नाही. तिसऱ्यांदा पाहताना कळलं की का. मी दरवेळी कॉरिडॉरमध्ये मार्कच्या बाजूला उभी राहून बघत होते. दाराच्या आतून. आत उभं असलं की आतलंच बरोबर वाटतं. ऑफिसातल्या मलाही कुणी विचारलं असतं, की तू तुझं हे हसतं-खेळतं आयुष्य सोडून त्या गंजलेल्या नटांपाशी परत जातेस का, तर ती कशाला हो म्हणेल? तीही वळलीच असती. रोज दुपारी वळतच होती. काचेच्या पलीकडे कोण उभं आहे ते मला माहीत होतं, आणि आवाज ऐकू येऊ नये म्हणून हेडसेट होता.

म्हणजे मालिकेवरचा माझा राग किती मालिकेवरचा आहे, हे मला अजून नक्की सांगता येत नाही. सिक्युरिटीचा आणि बकऱ्यांचा मात्र मालिकेवरचाच.

त्याच्या पुढच्या शनिवारी मी स्वारगेटवरून साताऱ्याची एसटी पकडली. आईला आधी सांगितलं नव्हतं. ती म्हणाली, "अगं, काय झालं? नोकरी गेली का?" हल्ली आमच्या क्षेत्रात घरी अचानक गेलं की आधी हेच विचारतात. मी म्हटलं, नाही गं, सहज. जेवणं झाल्यावर माळ्यावर चढले. कॉटचे भाग भिंतीला टेकवून होते, नटांची पिशवी हँडलला बांधलेली, मीच बांधलेली. ती घेऊन खाली आले आणि आईशेजारी बसले. काही मोठं बोलणं झालं नाही. तिने पिशवी हातात घेतली, एक नट काढून बघितला, आणि म्हणाली, "त्या दिवशी मला म्हणायचं होतं, राहू दे चार दिवस ती कॉट. पण तू कॉलवर होतीस."

मग रडलो दोघी. उशिरा का होईना.

रात्री तिला झोप येत नव्हती, मलाही नाही. लॅपटॉप होताच बरोबर. मी तिला मार्कची गोष्ट सांगितली, चिप वगैरे, आतला-बाहेरचा. तिला काहीही अवघड गेलं नाही. म्हणाली, "म्हणजे अंगात आल्यासारखं, पण नोकरीसाठी." मालिकेचं इतकं नेमकं वर्णन मी तरी दुसरीकडे ऐकलेलं नाही. मग तिला शेवटची पाच मिनिटं दाखवली. दार, जेम्मा, हेली, गाणं, लाल दिवे. मी वाट बघत होते, ही मार्कला शिव्या घालते की त्याची बाजू घेते.

तिने मार्कबद्दल एक अक्षर काढलं नाही. चित्र थिजलं तसं चष्मा वर केला आणि विचारलं,

"मग त्या जिन्यातल्या बाईचं पुढं काय झालं?"

तिसऱ्या सीझनची घोषणा फिनाले आला त्याच दिवशी झाली होती. तेव्हा म्हटलं, "दाखवतील गं पुढच्या सीझनला."

"दाखवलं तर मला सांग," ती म्हणाली. "दुपारचा फोन कर."